माझ्या नावावरचा वेग

चलन आलं तेव्हा मी दवाखान्यात एका शेळीचं गळू फोडत होते. मनगटावरची पट्टी सारखी थरथरत होती, पण हात पुवानं भरलेले असताना सरकार काय म्हणतंय ते बघायची मला सवय नाही. हात धुऊन बघितलं आणि डोकंच फिरलं.

डॉ. हर्षदा माने यांनी शाळेसमोरच्या पट्ट्यात, जिथं ताशी तीसची मर्यादा आहे तिथं, काळी मोठी गाडी ताशी एकशेचारनं चालवली. चालकाची ओळख ठशावरून पटलेली आहे. सबब परवाना वर्षभरासाठी निलंबित होईल. हरकत असल्यास वाहतूक न्यायालयात हजर राहावे.

ज्या सकाळी मी म्हणे शाळेच्या पोरांच्या अंगावरून एकशेचारनं गेले, त्या सकाळी माझा उजवा हात खांद्यापर्यंत एका म्हशीच्या आत होता. रेडकू आडवं आलं होतं, पुढचा एक पाय मागं दुमडला होता आणि तो सरळ करता करता माझी कंबर मोडायची वेळ आली होती. काळी गाडी कोण चालवत होतं हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या घरात ती एकच माणूस चालवतो, माझा धाकटा भाऊ धैर्यशील.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला होता. मी मनगटावरच्या पट्टीतून चलन त्याच्या ताटासमोरच्या भिंतीवर उमटवलं. त्यानं घास न थांबवता वाचलं.

"घे की तुझ्या नावावर, नेहमीसारखं," तो म्हणाला. "एवढं तोंड फुगवायला काय झालं?"

"नेहमी दंड असतो. ह्या वेळी परवाना जातोय माझा."

"मग मी ड्रायव्हर देतो की तुला वर्षभर. राणीसारखी मागं बस."

"सरकारी जीपवर खासगी ड्रायव्हर चालत नाही. परवाना नसलेला डॉक्टर फिरतीवर राहत नाही. मला जिल्ह्याच्या कचेरीत बसवतील कागद चिवडायला. तालुक्यात दुसरा डॉक्टर आहे का?"

"जनावरं काय तुझ्यासाठी थांबलेली न्हाईत, ताई," असं म्हणून त्यानं आमटी वाढून घेतली. त्याची बायको पल्लवी माझ्याकडं बघेना आणि त्याच्याकडंही बघेना. मी तिथंच सांगितलं की मी हरकत घेणार आहे. तेव्हा मात्र त्याचा घास थांबला.

आता हे सगळं माझ्या नावावर का, ते सांगायला हवं. आमच्याकडं गाड्या बायकांच्या नावावर घेतात. बाईच्या नावावर घेतली की करात सवलत मिळते, धंद्यात काही बरंवाईट झालं तर गाडी वाचते आणि शिवाय घरातल्या बाईचा मान राखल्याचं पुण्य पदरात पडतं ते वेगळंच. ज्या बाईनं जन्मात कधी स्टिअरिंगला हात लावला नाही तिच्या नावावर दोन दोन ट्रक असतात. पल्लवीच्या नावावर आधीच दोन गाड्या होत्या, म्हणून काळी गाडी बिनलग्नाच्या थोरल्या बहिणीच्या नावावर आली. मी सही केली आणि विसरून गेले.

पूर्वी याचा त्रास नव्हता, कारण चलन गाडीवर यायचं. मग रस्त्यावर माणसाचा चेहरा टिपायला कायद्यानं बंदी आली आणि चालक ओळखायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. त्याचं उत्तर म्हणजे ठसा. त्याचं मूळ डॉक्टरकीतच आहे, माणसांच्या. कंपवाताच्या रोग्यांच्या हाताची थरथर मोजताना कुणाच्या तरी ध्यानात आलं की धडधाकट माणसाचा हातही कधी स्थिर नसतो. स्टिअरिंग आपण सरळ धरलंय असं आपल्याला वाटतं, पण गाडी सतत थोडी थोडी भरकटत असते आणि आपण ती सतत थोडी थोडी सावरत असतो. डोळ्यानं चूक बघायची, मेंदूनं ठरवायचं, मनगटानं वळायचं, यात प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. कुणी जास्त सावरतं आणि मग उलटं सावरतं. कुणाचा पाय ब्रेकवरून एकदम उठतो, कुणाचा रेंगाळतो. वळण यायच्या आधी कुणाचा हात हलायला लागतो, तर कुणाचा वळण लागल्यावर. गाडीतला डबा हे सगळं सेकंदाला शेकडो वेळा टिपतो आणि त्यातून जे निघतं ते दोन माणसांचं सारखं नसतं. घाईत असा, झोपेत असा, प्यालेले असा, खालचा ठसा तोच राहतो. थोडा वेळ दुसऱ्याची नक्कल करता येते, पण मन जरा दुसरीकडं गेलं की आपला हात वर येतो.

हमरस्त्यावर गाड्या आपल्या आपण चालतात हे खरं, पण आमच्या भागात उसाच्या जोडट्रॉल्या सुरू झाल्या की त्या शहाण्या गाड्यांचं अवसान गळतं आणि त्या टूं टूं करत स्टिअरिंग माणसाच्या हवाली करतात. त्यामुळे आमच्याकडं ठसा फार महत्त्वाचा.

घोळ विज्ञानात नव्हता. विज्ञान चोख होतं. घोळ नोंदणीत होता. राज्यातल्या प्रत्येक माणसाला बोलवून त्याचा ठसा घ्यायचा म्हणजे वर्षं गेली असती. म्हणून असं ठरलं की डबा बसवल्यावर पहिले काही आठवडे गाडी ज्या हातानं सगळ्यात जास्त चालेल, तो हात मालकाचा धरायचा. ज्यानं हे ठरवलं त्याच्या स्वतःच्या घरातल्या गाड्या कुणाच्या नावावर आहेत हे मला एकदा विचारायचंय. अशा तऱ्हेनं धैर्यशीलचा हात हर्षदा माने या नावानं राज्याच्या दप्तरी दाखल झाला. माझा स्वतःचा हात कुठंच नव्हता. घरी मी स्कूटर वापरते, तिला डबा नसतो, आणि सरकारी जिपांच्या डब्यांचं वाचन निविदा अडकल्यामुळे सुरूच झालं नव्हतं.

हरकत घ्यायची तर पडताळणी मागावी लागते आणि पडताळणी मंजूर व्हायची तर आपण त्या वेळी दुसरीकडं होतो असं सांगणारा एक तरी साक्षीदार लागतो. माझ्याकडं साक्षीदार एकच होती, त्या म्हशीची मालकीण रंजना कोळेकर. आणि रंजना कोळेकर मला नवऱ्याची खुनी मानत होती.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा, सदाशिव, पहाटे सायकलीला दुधाचे कॅन लावून बायपासनं जात होता. मार्केट यार्डातल्या एका भाड्याच्या पिकअपनं त्याला उडवलं आणि पिकअप थांबली नाही. ती नंतर यार्डातच उभी सापडली. तिची चावी हमालांच्या खोलीत टांगलेली असायची, येईल तो घेऊन जायचा. पण तिच्यात नवाकोरा डबा होता आणि डब्यानं चालकाचं नाव सांगितलं, डॉ. हर्षदा माने.

मी त्या आठवड्यात परभणीला प्रशिक्षणात होते. शे-दीडशे लोकांनी मला तिथं बघितलं होतं. तरी पोलिसांनी मला दोन दिवस बसवून ठेवलं. धैर्यशील धावत आला. पाटणकर वकिलांना घेऊन आला, जे फौजदारीत आमच्या जिल्ह्यात सगळ्यात महाग. पाटणकरांनी त्या ठशाच्या चिंध्या केल्या. यंत्र नवीन, लाखात एखादी चूक होणारच, असं कंपनीनंही मान्य केलं आणि चालक न सापडल्यामुळे प्रकरण बंद झालं. तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात धैर्यशील सांगायचा, "मी होतो म्हणून ताई वाचली." आणि ताई मान डोलवायची. घरात त्याच्या शब्दाबाहेर जायचं मी तेव्हापासून सोडलं होतं, हेही खरं.

रंजनाला मात्र पाटणकरांचा युक्तिवाद पटला नव्हता. पैसेवाल्यांनी यंत्र विकत घेतलं, एवढंच तिला समजलं. माझी जीप वस्तीवरून गेली की ती रस्त्यावर थुंकायची. त्या सकाळी म्हैस अडली, तिनं दवाखान्यात फोन केला आणि नाइलाजानं मीच गेले. सगळा वेळ ती म्हशीचं शेपूट धरून उभी होती आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रेडकू जिवंत निघालं तेव्हाही नाही.

मी तिच्या दारात गेले तेव्हा ती गोठा लोटत होती.

"काय पायजे?" तिनं खराटा न थांबवता विचारलं.

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खराटा भिंतीला उभा केला.

"म्हंजे तुमचं लायसन जाणार?"

"साक्ष दिली नाहीत तर जाईल."

"मग जाऊ द्या की. पेढं वाटती मी आख्ख्या वस्तीत."

"रंजनाताई, त्या वेळी मी इथं होते. खोटं बोला म्हणत नाही मी."

"मला ताई म्हणायचं न्हाई. माझा माणूस रस्त्यात पडला तवा तुमी परभणीत हुता म्हणं. लई सोयीच्या हुता. आता शाळंपुढं गाडी पळीवली तवा माझ्या गोठ्यात हुता. तुमी दर खेपंला दुसरीकडंच कशा असता, बाई?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं होतं. मी चिडले होते, मला वाटलं बाईला निव्वळ भांडायचंय. मीही चार शब्द सुनावले. तिनं माझ्यामागं शेणाची पाटी रस्त्यावर ओतली. मी कोर्टाला अर्ज दिला की साक्षीदार येत नाही, समन्स काढा.

वाहतूक न्यायालय बायपासच्या पलीकडं आहे. तिथली हवाच अशी की आत शिरणारा प्रत्येक माणूस खोटारडा. मॅजिस्ट्रेट तांबोळी मॅडम नजर वर न करता प्रकरणं निकाली काढत होत्या. माझा पुकारा झाला.

"डॉक्टर आहात?"

"पशुवैद्य."

"शिकलेली माणसं जास्त जोरात चालवतात आणि जास्त वेळ खातात. बोला."

मी म्हशीचं सांगितलं. मागं कुणीतरी हसलं.

"इथं रोज कुणाची ना कुणाची म्हैस व्यालेली असते," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदार?"

रंजना आली होती. समन्स घेऊन पोलीस दारात गेल्यामुळे ती माझ्यावर आणखी भडकलेली होती. पिंजऱ्यात उभी राहून तिनं शपथ घेतली आणि सरळ मॅडमकडं बघत बोलली.

"व्हत्या. माझ्या म्हशीच्या पोटात हात घालून व्हत्या. शाळंची घंटा झाली तवाबी व्हत्या. ह्या बाईचं तोंड बघायची माझी इच्छा न्हाई, पण शपथ घिऊन खोटं बोलायला मी त्यांच्यातली न्हाई."

मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली. जी बाई माझा एवढा द्वेष करते ती माझ्या बाजूनं खोटं बोलणार नाही, हे कुणालाही कळलं असतं. पडताळणी मंजूर झाली.

ठशाच्या कंपनीचा माणूस, चौगुले, उठला. पोरसवदा, इस्त्रीचा, बोलताना मधूनमधून स्वतःशीच मान हलवणारा. "पडताळणी म्हणजे काय हे अर्जदारांना समजावून सांगणं बंधनकारक आहे," तो म्हणाला. "अर्जदार पुढच्या तारखेला खुर्चीत बसून गाडी चालवतील. त्यांचा ठसा जुळला, तर निलंबन दुप्पट. जुळला नाही, तर हा जुना ठसा त्यांच्या नावावरून काढला जाईल. पण मग नुसतं हे चलन नाही निघणार. त्या ठशावर आजवर जे जे काही आहे ते सगळं निघेल आणि ज्याचा हात आहे त्याच्या शोधासाठी पुन्हा तपासाला जाईल."

"त्यात काय आहे?" मॅडमनी विचारलं.

चौगुलेनं पडद्यावर बघितलं. "चलनंच आहेत बहुतेक. आणि एक अपघात. सायकलस्वाराचा मृत्यू. यंत्राची चूक म्हणून बंद केलेला."

रंजना दारापर्यंत पोचली होती. ती तिथंच थांबली.

मी चौगुलेला विचारलं, "म्हणजे पिकअप चालवणारा हात आणि काळी गाडी चालवणारा हात एकच?"

"ठसा एकच आहे, मॅडम. त्या वेळीही यंत्रानं तेच सांगितलं होतं."

यंत्र चुकलं नव्हतं. यंत्रानं तोच हात बरोबर ओळखला होता, फक्त त्या हाताला माझं नाव दिलेलं होतं. पोलिसांनी नाव धरलं, नावावरची बाई परभणीत निघाली आणि सगळ्यांनी यंत्रालाच खोटं पाडलं. तो हात कुठून आला हे कुणी विचारलं नाही. मी सुटले होते, मीही विचारलं नाही. धैर्यशील पोलीस ठाण्यात धावत आला होता, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होता, घाबरू नकोस. तेव्हा घाबरलेला तो होता.

मी घरी न जाता सरळ मार्केट यार्डातल्या त्याच्या हळदीच्या गोदामात गेले. तो वजनकाट्याशी उभा होता. माझा चेहरा बघून त्यानं हमालांना चहाला पाठवलं.

"पिकअप तू चालवत होतास," मी म्हणाले.

"कुठली पिकअप?"

"धैर्या, मी जनावरांची डॉक्टर आहे. खोटं बोलणारे मालक मला रोज भेटतात."

त्यानं पोत्यावरची धूळ झटकली. मग खाली बसला. "मधीच आला तो, ताई. सायकलीला लाईट न्हवता. कॅन दोन्ही बाजूंना लटकावलेले. मला दिसलाच न्हाई."

"थांबला का नाहीस?"

"थांबून काय झालं असतं? गेलाच होता तो."

"तुला काय माहीत गेला होता? तू थांबलास कुठं?"

तो ओरडायला लागला. "मग आता काय करू म्हणतीस? आत जाऊन बसू? पोरांनी काय करायचं, पल्लवीनं काय करायचं? आणि तुझं काय वाकडं झालं? तुझ्यावर आलं तवा वकील कोणी दिला?"

"माझ्यावर आणलं कोणी?"

"मला काय माहीत तुझं नाव येईल म्हणून? देवाशप्पथ माहीत न्हवतं."

"आलं तेव्हा कळलं ना? तेव्हा?"

"तेव्हा तू परभणीत होतीस," तो म्हणाला आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "मी देवापुढं नारळ फोडला, ताई. म्हटलं, बघा, कसं जुळवून आणलं त्यानं. तुलाबी काही झालं न्हाई, मलाबी न्हाई."

त्यानं हे अगदी मनापासून सांगितलं. त्याच्या हिशेबात सदाशिव कोळेकर कुठंच नव्हता. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं आणि तसं मी त्याला सांगितलंही.

"फोड," तो म्हणाला. "पण उद्या अर्ज मागं घे."

"नाही घेणार."

"मग नको घेऊ. खुर्चीत बस, तुझा परवाना वाचव. मी पाटणकरांना विचारलंय. मला त्या खुर्चीत कोणी बसवू शकत न्हाई. स्वतःच्या विरोधात पुरावा द्यायची सक्ती करता येत न्हाई कायद्यानं. मॅजिस्ट्रेट तुला विचारतील, गाडी कोणाकडं होती. तू एवढंच म्हण, चावी खिळ्यावर असते, कोणबी घेतं. हमाल घेतात, पोरं घेतात. झालं. कोणाचं काय जाणार न्हाई."

"आणि नाव सांगितलं तर?"

तो उठला आणि माझ्या अगदी जवळ आला. लहानपणी मार खायच्या आधी असाच यायचा. आता मात्र मारायची पाळी त्याची होती. "तर त्या घरात पाय ठेवायचा न्हाईस. मेलीस तरी खांदा द्यायला येणार न्हाई मी."

पुढच्या तारखेपर्यंत घरात माझ्याशी कुणी बोललं नाही. पल्लवी ताट झाकून ठेवायची आणि आत जायची. एकदा फक्त तिनं भांडी विसळता विसळता म्हटलं, "ताई, माझ्या नावावरबी दोन गाड्या आहेत. उद्या त्यांचंबी माझ्यावर येईल." पण पोरं शाळेतून आली की ती त्यांना मुद्दाम माझ्या खोलीत पाठवायची, गृहपाठ दाखवायला. मी भावाचं नाव घेऊ नये एवढंच तिला हवं होतं आणि ते मागायची तिची ही रीत मला धैर्यशीलच्या धमकीपेक्षा जास्त जड गेली.

कोर्टात त्या दिवशी तो पहिल्या बाकावर बसला होता, पाटणकरांशेजारी. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. रंजना शेवटच्या बाकावर होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

खुर्ची बाजूच्या खोलीत होती, काचेपलीकडं, सगळ्यांना दिसेल अशी. स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, समोर पडद्यावर रस्ता. रस्ता आमच्याच भागातला वाटावा असा केला होता. ट्रॉल्या होत्या, मधेच आडवी जाणारी कुत्री होती, बिनलाईटची सायकल होती. धैर्यशीलला गाडी मीच शिकवली होती, वडिलांच्या जुन्या जीपवर, साखर कारखान्याच्या मैदानात. क्लच सोडताना तो खाली बघायचा आणि मी त्याच्या डोक्यात टपली मारायची. एकाच मैदानात, एकाच जीपवर शिकलेले आम्ही दोघं, आणि तरी त्या डब्याला आमच्यातला फरक पहिल्याच वळणावर कळणार होता. मी सायकल दिसल्यावर वेग कमी केला, सायकल गेल्यावर वाढवला. राग इतका होता की स्टिअरिंग मी आवळून धरलं होतं, पण ठशाला रागाचं काही वाटत नाही.

चौगुलेनं आकडे बघितले. "जुळत नाही," तो म्हणाला. "लांबूनसुद्धा नाही. जुना ठसा डॉक्टर मॅडमचा नाही."

तांबोळी मॅडमनी चलन रद्द केलं. परवाना कायम. एका ओळीत झालं सगळं. मग त्यांनी चष्मा काढला.

"आता नोंदणीकृत मालक म्हणून सांगा. त्या दिवशी गाडी कोणाच्या ताब्यात होती?"

पाटणकर उठले. "मॅडम, मोठं कुटुंब आहे, व्यापारी घर आहे. चावी खिळ्यावर असते, कामगारसुद्धा—"

"वकीलसाहेब, साक्ष तुमची चाललेली नाही. बसा."

धैर्यशील माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांत धमकी उरली नव्हती, नुसती भीती होती, जीपमध्ये गिअर अडकल्यावर असायची तशी. मला त्याची दया आली. दोन वर्षं ज्यानं मला खुनी म्हणवून घेऊ दिलं आणि वर उपकार मोजून घेतले त्याची दया यावी, याचा मला भयंकर संताप आला. नाव सांगितलं तर तो ठसा त्याच्या नावावर चढेल आणि पोरांचा बाप तुरुंगात जाईल. नाही सांगितलं तर रंजना कोळेकर मरेपर्यंत माझ्या जीपमागं थुंकेल, आणि या वेळी तिचं बरोबर असेल.

"चावी खिळ्यावरच असते," मी म्हणाले. पाटणकरांनी श्वास सोडला. "पण ती गाडी एकच माणूस चालवतो. त्या दिवशीही तोच चालवत होता. त्याच्याशिवाय तिला कुणी हात लावलेला मी कधी बघितला नाही. माझा भाऊ."

पल्लवी आली नव्हती हे बरं झालं. धैर्यशील उभा राहिला, काहीतरी अर्वाच्य बोलला आणि शिपायानं त्याला दंडाला धरून खाली बसवलं. मागच्या बाकावर रंजना उठून उभी राहिली होती.

क्लार्क पडद्यावर बोटं ठेवून वाट बघत होता. त्याला आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला रकाने भरायचे होते.

"पूर्ण नाव सांगा."

"धैर्यशील बाळासाहेब माने."

"तुमच्याशी नातं?"

"सख्खा भाऊ."

"पत्ता?"

"माझाच," मी म्हणाले. त्यानं तेवढ्यावर भागत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मी घर नंबर, गल्ली, पेठ, सगळं पिनकोडसकट सांगितलं, आणि त्या पत्त्यावर आज रात्री मला कुणी दार उघडणार नाही हे मला सांगता सांगता कळत होतं.